पाच जण, एक ओळ

(दृश्य: प्रोजेक्टरचा पडदा. कोडच्या मधोमध रंगीत पट्टा.)

डावीकडे वळलेले सात कोन, मग सात बरोबरचिन्हं, शेवटी उजवीकडे वळलेले सात कोन. त्यांच्या कात्रीत एकाच ओळीची दोन रूपं. वरचं आपलं, खालचं दुसऱ्या कुणाचं. कुठलं ठेवायचं हे गिट, म्हणजे अनेकांनी केलेले कोडमधले बदल नोंदवून एकत्र करणारं साधन, ठरवत नाही; ते माणसांनी शेजारी बसून ठरवायचं. मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणतात तो हा.

पुण्यातल्या या सॉफ्टवेअर प्रशिक्षण वर्गात तो पहिल्याच आठवड्यात मुद्दाम घडवून आणतात. पाच जणांचा गट, एक फाईल, एक ओळ; सगळ्यांनी तीच बदलायची. ज्यानं आधी पुश केलं, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक साठ्यात पाठवलं, त्याचं आत गेलं. उरलेल्या चौघांचं परत आलं.

(आवाज, वर्गातला: "मॅडम, माझं घेतच नाही.")

आता पुल करायचं, म्हणजे साठ्यातले बदल आपल्याकडे ओढायचे, ओळ ठरवायची, त्या कोनांच्या खुणा पुसायच्या, कमिट करून, म्हणजे बदलाची नोंद करून, पुन्हा पुश. इथे दोन चुका हमखास होतात. खुणा फाईलमध्ये तशाच राहतात आणि प्रोग्राम उठतच नाही; ही चूक बरी, ती ओरडून सांगते. दुसरी वाईट. घाईत ‘माझंच ठेवा’ असं बटण दाबलं जातं, सोबत्याचं दोन दिवसांचं काम पुसलं जातं आणि पडद्यावर लाल काहीच दिसत नाही.

(दृश्य: लिनक्सचा पेंग्विन चिकटवलेला जुना लॅपटॉप.)

गिट जन्मलं तेच अशा गर्दीसाठी. लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, काम 2002 पासून बिटकीपर नावाच्या व्यावसायिक साधनावर चालायचं. 2005 मध्ये त्याची फुकट वापराची सवलत गेली आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलमधल्या थोड्याच दिवसांत स्वतःचं साधन उभं केलं. जगभर विखुरलेल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांचे बदल त्यात एकत्र करायचे होते. म्हणूनच एकट्यानं प्रोजेक्ट करणाऱ्याला गिट शिकवणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकवणं.

(दृश्य: अभ्यासिका. टेबल दिवे, रांगेत खुर्च्या, ‘एमपीएससी’ लिहिलेल्या वह्या.)

गटाला दिलेलं काम ओळखीचं आहे: अभ्यासिकेतल्या जागांचं बुकिंग. 60 जागा, दिवसाला तीन पाळ्या. मुदत सहा आठवडे. गटात पाचच जण, कारण पाच जणांत बोलण्याच्या जोड्या होतात 10. आठ केले की त्याच 28 होतात.

(दृश्य: पांढरा फळा. निळ्या मार्करनं लिहिलेली नावं.)

पहिले तीन दिवस कोड लिहायला बंदी. मुलं चुळबुळतात, ते दिसतंच आहे. पण समोरच्या बाजूचा, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणाऱ्या पडद्याचा, कोड लिहिणारे दोघे आणि सर्व्हरवाले दोघे यांच्यातला करार आधी फळ्यावर ठरतो: कुठल्या पत्त्यावर काय पाठवायचं, परत काय येणार, जागा आधीच गेली असेल तर उत्तर काय. पाचवा चाचण्या लिहितो. दर आठवड्याला या भूमिका फिरतात. अक्षरन् अक्षर ठरवावं लागतं. माहितीच्या एकाच नावात एकानं शब्दांमध्ये अधोरेखा दिली आणि दुसऱ्यानं शब्द जोडून लिहिला, तर जागेचा क्रमांक रिकामा पोचतो.

तारखेनं तर प्रत्येक गटाला एकदा तरी चकवलंय. 12 तारखेचं बुकिंग 11 चं दिसतं. ब्राउझरनं 12 तारखेची आपली मध्यरात्र जागतिक वेळेत बदलून पाठवलेली असते. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. उपाय साधा: नुसती तारीख हवी असेल तर वेळ चिकटवूच नका, वर्ष-महिना-दिवस असा मजकूर पाठवा.

(दृश्य: स्टँडअप. पाच जण उभे, भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या.)

रोज सकाळी 15 मिनिटं. उभ्यानं, म्हणून कुणी लांबण लावत नाही. काल काय झालं, आज काय, अडलंय कुठे.

(दृश्य: पडद्यावर पुल रिक्वेस्ट. कर्सर एका ओळीवर थांबतो.)

मुख्य शाखेला, म्हणजे सगळ्यांच्या मान्य कोडला, कुलूप असतं. त्यात आपला बदल घ्या अशी विनंती म्हणजे पुल रिक्वेस्ट. सोबत्यानं वाचून मान्यता द्यायची, चाचण्या हिरव्या व्हायच्या, तेव्हाच कोड आत जातो. एका वेळी 300 ओळींपेक्षा जास्त पाठवायच्या नाहीत, हा इथला नियम. दीड हजार ओळी समोर आल्या की वाचणारा ‘छान’ लिहून मोकळा होतो. शेऱ्यात ‘चूक’ हा शब्द चालत नाही. कुठल्या माहितीवर कोड पडेल ते लिहायचं.

(आवाज: "पण माझ्या मशीनवर चालतंय!")

चालणारच. विंडोजला फाईलच्या नावातलं पहिलं अक्षर मोठं की लहान याचं सोयरसुतक नसतं. लिनक्स सर्व्हरला असतं.

(दृश्य: दोन मुली, दोन फोन. तीन, दोन, एक. दोघी एकदम बटण दाबतात.)

जागा 14, सकाळची पाळी. दोघींनाही ‘बुकिंग झालं’. कोड आधी विचारतो, जागा रिकामी आहे का? मग नोंद करतो. या दोन पावलांच्या मधल्या फटीत दुसरी विनंती शिरली. गटानं आधी आणखी एक तपासणी घातली, म्हणजे फट फक्त सरकली. मग डेटाबेसलाच बंधन घातलं: जागा, तारीख आणि पाळी हे तिन्ही मिळून एकदाच येऊ शकतात. दुसरी नोंद तिथेच नाकारली जाते, आणि कोडनं ती नकारघंटा नीट शब्दांत पोचवायची.

(निवेदन नाही. दहा सेकंद. चेहरे.)

सहाव्या आठवड्यात तोंडी परीक्षा. प्रत्येकानं स्वतःचा नाही, सोबत्यानं लिहिलेला कोड समजावून सांगायचा. कमिटची संख्या मोजत नाहीत. ती वाढवायला एक स्वल्पविरामही पुरतो. पुढे मुलाखती, नोकऱ्या; काहींना लगेच, काहींना नाही.

(दृश्य: पुन्हा त्याच दोघी, तेच फोन. तीन, दोन, एक.)

एकीला हिरवी खूण. दुसरीच्या फोनवर: ‘जागा 14 आत्ताच गेली. 15 रिकामी आहे, घेणार?’