आडवी नळी : नागपूरच्या दोन ताटातूट झालेल्या बहिणींची कादंबरी

(दृश्य : भर दुपारचा सीताबर्डीचा रस्ता. सिग्नलवर ताणलेली हिरवी जाळी, खाली थांबलेल्या दुचाक्या.)

मे २०२४ संपत आला होता. नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान यंत्रानं तापमान दाखवलं ५६ अंश सेल्सिअस. आकडा मोबाईलवरून शहरभर फिरला. हवामान खात्यानं तपासणी केली आणि यंत्र बिघडल्याचं सांगितलं. ते पटण्यासारखंच होतं, कारण मे २०१३ मध्ये या शहरानं सोसलेली ४७.९ अंशांची दुपार अजून लोकांच्या लक्षात आहे, आणि ५६ म्हणजे त्याच्याही कितीतरी पुढची गोष्ट.

मला मात्र त्यावरून एका प्रश्नानं धरलं. याच्या उलट झालं तर? यंत्र धडधाकट आहे, पारा बरोबर चढतोय, आणि लोकांना सांगितला जाणारा आकडाच खोटा आहे. मग काय?

तिथून ही कादंबरी सुरू झाली. कुमारांसाठीची, उद्याच्या भयाची, आणि मुळात एका रहस्याची.

(दृश्य : रेल्वे स्टेशन, संत्रा मार्केटच्या बाजूचं दार. मग रामझुला, वरून.)

साल २०८७. रुळांच्या अलीकडचं नागपूर आणि पलीकडचं नागपूर आता दोन शहरं आहेत. रामझुल्यावर, म्हणजे रुळांवरून जाणाऱ्या पुलावर, फाटक बसलंय. पश्चिमेला सिव्हिल लाइन्स, धरमपेठ, थंड हवेच्या इमारती. पूर्वेला इतवारी, महाल आणि उन्हात राबणारी माणसं. कायदा असा की पारा ४५ वर गेला की उघड्यावरचं काम बंद, मजुरी मात्र चालू. आणि चौकाचौकांतले सरकारी फलक गेली कित्येक वर्षं ४४.८ च्या वर गेलेलेच नाहीत.

या गोष्टीत राक्षसी यंत्रं नाहीत, गल्लीबोळांत फिरणारे सैनिकही नाहीत. एक दशांश चिन्ह आहे, आणि त्याच्या आड मेलेली माणसं. मला विचाराल तर नागपूरकराला यापेक्षा मोठी भीती दाखवायची गरजच नाही.

(दृश्य : वेधशाळेतली पांढरी लाकडी पेटी, जवळून. झडपांमधून आत.)

ही पेटी नीट बघा. चारही बाजूंनी झडपा, म्हणजे वारा आत खेळतो, ऊन पोचत नाही. दार उत्तरेकडं, कारण वाचन घेताना सूर्य काचेवर पडता कामा नये. आपण ज्याला आजचं तापमान म्हणतो ते या पेटीतल्या सावलीचं असतं. डांबरावर उभ्या माणसाचं नव्हे.

आत एक काचेची नळी जवळजवळ आडवी ठेवलेली असते. कमाल तापमापक. तिच्या तोंडाशी एक बारीक चिमटा असतो, काच तिथं अरुंद केलेली असते. ऊन चढलं की पारा त्यातून पुढं सरकतो, उतरलं की मागे येत नाही. दिवसाचा सर्वांत मोठा आकडा तिथंच थांबून राहतो. वाचन झालं की नळी झटकायची, पारा खाली आणायचा आणि पुन्हा ठेवायची. पाऱ्याचा जुना ताप बघायचा थर्मामीटर घरी पाहिला असेल, तर ही तऱ्हा तुमच्या ओळखीची आहे.

कादंबरीचं सगळं रहस्य या चिमट्यावर टांगलेलं आहे.

कांचन आणि वेणू या बहिणींची आई वेधशाळेत नोंदी घेणारी. एका मे महिन्यात ती नळी झटकतच नाही. तशीच काढते, कापसात गुंडाळून धाकट्या वेणूच्या हाती देते आणि एवढंच सांगते, "आडवी ठेवजो. हालवू नको." त्या रात्री आईला नेतात. अकरा वर्षांची कांचन पश्चिमेच्या सरकारी वसतिगृहात जाते. आठ वर्षांची वेणू इतवारीत मावशीकडं राहते. दोघींना सांगितलं जातं की दुसरी उष्माघातानं गेली.

सहा वर्षांनी वेणूजवळ नळी आहे. आकडा ४९.६. पण तारीख नाही. उद्या कुणीही म्हणेल, गरम पाण्यात बुडवली असेल! कांचन दप्तरखान्यात कामाला लागलीय, जुन्या नोंदवह्या तिच्या हाताखालून जातात. तिला आईच्या अक्षरातलं एक पान सापडतं. तारीख आहे, नळीचा क्रमांक आहे, आकडा वरून खोडून ४४.८ केलेला. आणि रोज असते ती 'नळी झटकली' ही नोंद त्या दिवशी नाही.

बहिणींच्या ताटातुटीच्या गोष्टी पुष्कळ असतात. त्यांतल्या बऱ्याच जणींना वेगळं केलं जातं ते वाचकाच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून, आणि मला ते पुरत नाही. ताटातूट रहस्याच्या मुळाशी हवी, दोघी समोरासमोर आल्याखेरीज खरं काय ते उलगडूच नये अशी.

(दृश्य : उन्हाळ्यातल्या मुली, दुपट्ट्यात गुंडाळलेले चेहरे, फक्त डोळे.)

आणि इथं नागपूर स्वतःहून मदतीला येतं. मे महिन्यात या शहरात तोंड कुणाचंच दिसत नाही. जुलै २०१९ मध्ये नागपूरला दिवसाआड पाणी मिळत होतं; कादंबरीत ते आठवड्यातून एकदा येतं, आणि फाटकाजवळच्या टँकरवर दोन्ही बाजूंच्या रांगा लागतात. एक मुलगी दुसरीला विचारते, "काहून वं, एकटीच हायेस? धर, माह्या डब्यातलं घे." पाणी ओतलं जातं, दोघी आपापल्या वाटेनं जातात. दोघींच्या दुपट्ट्याची गाठ डाव्या कानामागं, आईनं शिकवली तशी. ती वाचकाला दिसते, त्यांना नाही.

(दृश्य : मारबतीची मिरवणूक, इतवारी. बांबू, रंगीत कागद, गुलाल, ढोल.)

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बायांचे दोन मोठाले पुतळे, मिरवत निघतात. १८८० च्या दशकापासून चालत आलेली प्रथा. 'ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत शहर आपली रोगराई वेशीबाहेर धाडतं. सोबत बडग्ये असतात, तेही पुतळेच. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, त्या वर्षी जे छळत असेल त्याचा. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोन्ही मारबतींची भेट होते. दोन बाया, दोन वाटांनी आलेल्या, हजारो लोकांसमोर एकमेकींपुढं उभ्या. दुःखाचं नाव घेऊन त्याला भर रस्त्यात मिरवणारं शहर भयाची कादंबरी लिहायला बाहेर कुठं शोधायला जाणार?

२०८७ मध्येही सरकारनं मारबत बंद केलेली नाही. फक्त बडग्याला काय नाव द्यायचं ते आता कचेरी ठरवते. त्या दिवशी फाटक चार तास उघडतं. वेणू नळी बडग्याच्या पोकळ हातात, कापूस भरून, आडवी दडवते. ढोल वाजतायत, खांदे आदळतायत, आणि एक जोराचा झटका बसला तर पारा खाली उतरेल. ते पाच पानांचं प्रकरण मी सर्वांत जास्त वेळा लिहिलंय.

दोघी भेटतात. पान आणि नळी शेजारी ठेवली जातात. पहिला खर्डा वाचलेल्या मुलींना इथं आकडा खोडणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा हवी होती. ती मी लिहिली नाही. शेवटच्या प्रकरणात कांचन आणि वेणू बडग्याच्या पाठीवर खडूनं ४९.६ आणि त्याखाली तारीख लिहितात, आणि मग गर्दीतली माणसं एकेक करून पुढं येऊन त्याखाली त्या दिवशी घरी न परतलेल्यांची नावं लिहू लागतात. आईचं नाव त्यात सातवं आहे, आणि ते दोघींपैकी कुणीच लिहिलेलं नाही.