इंग्रजी चर्चा : सुरू कशी करायची, आवरायची कशी

(सांगलीत व्यापारी, कारखानदार आणि विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इथे हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी आहेत, कुपवाड एमआयडीसीतले कारखानदार आहेत आणि कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी करणारी मुलंमुलीही आहेत. दर, ओलावा, कर्क्युमिनचं म्हणजे हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचं प्रमाण यावर तुम्ही साध्या इंग्रजीतही ठामपणे बोलता. अडतं ते पहिल्या अर्ध्या मिनिटाला आणि शेवटच्या दोन मिनिटांना. त्यातही शेवट जास्त बिघडतो, म्हणून वेळ तिकडेच जास्त देणार आहे.

आधी सुरुवात. व्हिडिओ कॉल जोडला की ‘अ‍ॅम आय ऑडिबल?’ यापेक्षा ‘कॅन यू हिअर मी ऑल राइट?’ विचारा. ‘मायसेल्फ अमुक’ नको. ‘हॅलो, धिस इज अमुक, फ्रॉम सांगली.’ ‘नाइस टु मीट यू’ फक्त पहिल्या भेटीत, नंतर ‘नाइस टु सी यू अगेन’. हिवाळ्यात आपले दुपारचे अडीच म्हणजे लंडनचे सकाळचे नऊ, तेव्हा त्यांच्या घड्याळाप्रमाणे ‘गुड मॉर्निंग’ म्हटलेलं चांगलं. त्यांच्याकडे रात्र असली तरी सुरुवातीला ‘गुड इव्हनिंग’च. ‘गुड नाइट’ हा निरोप आहे. कॉल जोडताच तो म्हटला की समोरचा गोंधळतो.

हवापाण्याची दोन वाक्यं झाली की मुद्द्यावर यायचं: ‘राइट, शॅल वी गेट स्टार्टेड?’ यातलं ‘राइट’ उतरत्या सुरात म्हणा आणि क्षणभर थांबा. सूर चढला तर तो प्रश्न वाटतो आणि समोरचा ‘येस?’ म्हणून वाट पाहत बसतो. मग विषय आणि वेळ सांगून टाका: ‘आयड लाइक टु कव्हर टू थिंग्ज टुडे, द सॅम्पल अँड द पेमेंट टर्म्स. इट शुड टेक अबाउट ट्वेन्टी मिनिट्स.’ इथे ‘आय वॉन्ट टु’ म्हटलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं. ‘डिस्कस अबाउट’ चूक, नुसतं ‘डिस्कस द सॅम्पल’. ‘आय सजेस्ट टु स्टार्ट’ हेही चूक, ‘आय सजेस्ट वी स्टार्ट विथ द सॅम्पल’ असं हवं.

एक धोक्याची जागा सांगून ठेवतो. ‘लेट्स टेबल धिस’ असं ब्रिटिश माणूस म्हणाला तर त्याला तो विषय चर्चेला घ्यायचा असतो. अमेरिकन म्हणाला तर त्याला तोच विषय बाजूला ठेवायचा असतो. स्वतः हा शब्द वापरूच नका. ‘लेट्स डिस्कस धिस नाऊ’ किंवा ‘लेट्स कम बॅक टु धिस लेटर’ म्हणा, गैरसमजाला जागा उरत नाही.

आता शेवट. संभाषण एका वाक्यात संपत नाही, हे शेग्लॉफ आणि सॅक्स या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1973 साली सविस्तर दाखवून दिलं. निरोपाआधी ‘वेल’, ‘ओके’, ‘सो’ असा एखादा रिकामा शब्द येतो. नवा विषय काढायचा असेल तर आत्ताच काढा, अशी ती संधी असते. आपल्याकडे पाहुणा ‘चला, निघतो’ म्हणून उंबऱ्यात आणखी दहा मिनिटं बोलतो, तसंच हे. ही पायरी गाळून आपण थेट ‘ओके, थँक यू, बाय’ म्हणतो आणि समोरच्याला वाटतं, हा चिडला की काय.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा चाहूल: ‘राइट, आय थिंक दॅट कव्हर्स एव्हरीथिंग.’ मग विचारणा: ‘बिफोर वी फिनिश, इज देअर एनिथिंग एल्स यूड लाइक टु रेझ?’ आणि इथे दोन-तीन सेकंद गप्प राहायचं. कॉलवर आवाज उशिरा पोहोचतो; तुम्ही लगेच पुढे गेलात तर त्याचं बोलणं तुमच्या बोलण्याखाली दबतं. मग उजळणी, आणि व्यवहारात तीच सगळ्यात मोलाची: ‘सो, जस्ट टु कन्फर्म, वी विल सेंड फाइव्ह हंड्रेड ग्रॅम्स ऑफ राजापुरी टर्मरिक बाय द ट्वेल्थ ऑफ मार्च, अँड यू विल सेंड अस द लॅब रिपोर्ट बाय द ट्वेन्टिएथ.’ कोण, काय, किती, कधी, सगळं त्यात आलं.

यातला ‘बाय’ नीट पाहा. आपण ‘शुक्रवारपर्यंत’चं सरळ ‘टिल फ्रायडे’ करतो. ‘वी विल सेंड द सॅम्पल टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार येईपर्यंत पाठवतच राहू. मुदतीला ‘बाय’, चालू राहणाऱ्या कामाला ‘टिल’: ‘द ऑफिस इज ओपन टिल सिक्स.’ ‘नेक्स्ट फ्रायडे’ही टाळा, कुणाला तो हा शुक्रवार वाटतो, कुणाला पुढचा. तारीख महिन्याच्या नावासह सांगा, कारण 5/6 हा आकडा लंडनला पाच जून असतो आणि न्यूयॉर्कला सहा मे.

शेवटी आभार: ‘थँक्स फॉर युअर टाइम. लुकिंग फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू.’ ‘टु’नंतर ‘हिअरिंग’, ‘हिअर’ नव्हे. समोरचा ‘आयम कॉन्शस ऑफ द टाइम’ किंवा ‘आयल लेट यू गो’ म्हणाला, तर तो नम्रपणे कॉल आवरतोय. तिथे नवा मुद्दा काढू नका. राहिलं असेल तर ‘आयल पुट द रेस्ट इन अ‍ॅन ईमेल’ म्हणा.

विद्यार्थ्यांसाठी थोडंसं. ग्रुप डिस्कशनमध्ये पहिलं बोलायची घाई करून विषयाचं नावच पुन्हा वाचू नका. विषयाची हद्द ठरवा: ‘परहॅप्स वी कुड लुक अ‍ॅट धिस फ्रॉम टू साइड्स, कॉस्ट अँड सेफ्टी.’ समारोप वाट्याला आला तर स्वतःचं मत नव्हे, गटाचं सांगायचं: ‘मोस्ट ऑफ अस फेल्ट दॅट...’ आणि विरोधी मतालाही जागा द्यायची: ‘दो सम ऑफ अस पॉइंटेड आउट दॅट...’ एकमत झालं नसताना ‘वी ऑल अ‍ॅग्रीड’ म्हणालात, तर शेजारचा तिथेच हरकत घेईल आणि समारोप तुमच्या हातून जाईल.