पाणी कुठलं पिशील, भो?

श्रोते मित्रहो, नमस्कार. मागच्या मे महिन्यातली गोष्ट, पारा ४५ च्या पुढे गेलेला, दुपारी कूलरसमोर लोळत पडलो होतो आणि पुण्याहून भाच्याचा फोन आला. कंपनीला वैतागलेला. म्हणतो, मामा, मला आता कुठेतरी लांब बेटावर जाऊन राहायचंय, नारळ खायचे, मासे धरायचे, ना बॉस ना ट्रॅफिक. मी म्हटलं जा ना भो, पण पाणी कुठलं पिशील? तो हसला. म्हणे, मामा, चारी बाजूंनी पाणीच असतं की.

आता मी पडलो भूगोलाचा मास्तर, रिटायर झालो तरी सवय जात नाही. ३० वर्षं फळ्यावर कंकणद्वीप काढलं, खडूने एक गोल, मध्ये निळं, बाहेर निळं, पोरांनो हे प्रवाळाचं, खाली लिहून घ्या, संपला तास. तिथे माणसं चूल कशी पेटवत असतील याचा विचार मी कधी केला नाही, खोटं कशाला बोलू. भाच्यामुळे केला. मग वाचत बसलो आणि तोकेलाऊ नावाच्या ठिकाणी अडकलो.

पॅसिफिक महासागर, विषुववृत्ताच्या खाली ८ ते १० अंशांवर तीन कंकणद्वीपं. अताफू, नुकुनोनू, फाकाओफो. तिन्ही मिळून जमीन दहा-बारा चौरस किलोमीटर, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाचं शिवार बघा. माणसं साधारण १५००. आणि त्यांच्या हक्काचा समुद्र मात्र तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राएवढा! जमिनीची उंची किती, तर सगळ्यात उंच जागा समुद्रापासून ५ मीटर. आपल्या घराच्या गच्चीवर उभे राहिलात की तुम्ही तोकेलाऊच्या सगळ्यात उंच डोंगरावर उभे आहात असं समजा.

तर पाणी. नदी नाही, ओढा नाही, तलाव म्हणावा तर मधलं सरोवर खारंच. प्रवाळाची जमीन चाळणीसारखी, पाऊस पडला की खाली जातो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड पाण्याचा एक पातळ थर तरंगत राहतो, दुधावरच्या सायीसारखा. त्याच्यातून जपून घ्यावं लागतं, जास्त उपसलं की खालचं खारं वर येतं. म्हणून सगळी भिस्त छपरावर. घराचं छप्पर, त्याला पन्हाळी, पन्हाळीचं पाणी टाकीत, आणि ते पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं.

हे वाचताना मला आमची बोरी नदी आठवली. ७२ च्या दुष्काळात मी तिसरीत होतो, नदीत नुसती वाळू, आई पहाटे झिरा खोदायची, हाताने वाळू काढत काढत कोपरापर्यंत हात गेला की खाली ओलं लागायचं, मग थांबायचं. पाणी झिरपायची वाट बघायची. वाटीने एक एक करत हंडा भरायचा आणि मध्ये घाई केली की गढूळ. मी म्हणायचो आई लवकर कर ना, तर ती म्हणायची, घाई करीसन काय व्हस रे, जितलं शे तितलंच शे. आम्ही झिरा अजून खोल केला की निदान पाणी तरी वाढायचं हो, या लोकांना खोल जायचीही सोय नाही. २०११ मध्ये तिथे पावसाने इतकी दडी मारली की ऑक्टोबरात आणीबाणी जाहीर करायची वेळ आली आणि पिण्याचं पाणी बाहेरून जहाजाने आणावं लागलं. आपल्याकडे टँकर येतो, तिथे जहाज. चारी बाजूंनी पाणीच की!

जहाजावरून आठवलं. तिथे विमानतळच नाही. जायचं तर आधी सामोआ देशातल्या आपिया बंदरात जायचं, तिथून पाचशेएक किलोमीटर बोटीने, एक दिवस एक रात्र तर नक्की, वर समुद्राची मर्जी. २०१६ पासून जी बोट चालते तिचं नाव मतालिकी, आणि मतालिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. मला हे नाव फार आवडलं. पण ही बोट गावाला लागत नाही, बंदरच नाही, कडेने प्रवाळाचा बांध. ती बाहेर उभी राहते आणि छोट्या होड्या लाटांमधून जाऊन तांदळाची पोती, पीठ, सिमेंट, म्हातारीकोतारी माणसं असं सगळं उतरवून आणतात. प्रत्येक बेटावर छोटा दवाखाना आहे, पण पेशंट सिरियस झाला की पुन्हा हीच बोट नि हाच समुद्र.

आणि हे ऐकून कोणी चुकचुक करायची गरज नाही, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याच्या, धडगावच्या नर्मदाकाठाला जाऊन बघा. सरदार सरोवराचं पाणी चढलं नि काही पाड्यांचा रस्ताच गेला, दवाखानासुद्धा तरंगता करावा लागला, बार्जवर. बेटं काय फक्त समुद्रातच असतात असं नाही.

आता मासे. भाच्याला मासे धरायचे होते ना, तर तिथे एक पद्धत आहे, इनाती म्हणतात तिला. गावाने मिळून मासेमारी केली की सगळे मासे एका जागी जमिनीवर मांडतात आणि वाटणारी माणसं घराघरातली डोकी मोजून वाटे घालतात. आपल्याकडे बकरं कापलं की वाटे घालतात तसंच दिसतं ते, पण फरक ऐका. आपल्याकडे ज्याने पैसे टाकले त्याचा वाटा. तिथे ज्याचं डोकं मोजलं त्याचा. विधवा बाई आहे, होडी चालवायला घरात कोणी नाही, तरी तिचा वाटा पडतो, तान्ह्या पोराचाही पडतो. मला आधी वाटलं वा, काय दिलदार लोक! पण जरा विचार केला तर यात हिशोब जास्त आहे, आज माझी होडी भरली उद्या तुझी भरेल, आणि माशाला तिथे मार्केट कुठलं? पण मग म्हटलं, हिशोब तर आपल्यालाही येतो की, विहिरीच्या पाळीवरून सख्ख्या भावांची डोकी फुटलेली मी बघितली आहेत.

माशांसोबत ताटात काय, तर नारळ, विलायती फणस आणि पुलाका नावाचा अळूसारखा मोठा कंद. तो जमिनीत खड्डे खणून ओलीत लावतात, वादळात समुद्राचं पाणी खड्ड्यात शिरलं की संपला, पुन्हा गोडं व्हायला खूप वाट बघावी लागते. आपल्या रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे सांगायला नको, एका वादळाने बाग आडवी होते तेव्हा काय होतं ते.

विजेचं मात्र त्यांनी झकास केलं. आधी डिझेलचे जनरेटर, डिझेलही बोटीनेच यायचं. २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या पैशाने ४,०३२ सोलर पॅनल बसवले, १,३४४ बॅटऱ्या, आणि जवळजवळ सगळी वीज उन्हावर आली. पुढच्याच वर्षी आपल्या धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सोलर प्रकल्प सुरू झाला. ऊन दोघांकडे सारखंच, आपल्याकडे तर जरा जास्तच!

न्यूझीलंडच्या पैशाने म्हटलं कारण तोकेलाऊ हा न्यूझीलंडच्याच अखत्यारीतला भाग. आपला कारभार अजून मोकळेपणाने आपणच बघायचा का यावर २००६ मध्ये मतदान झालं, २००७ मध्ये पुन्हा. दोन तृतीयांश मतं हवी होती. दुसऱ्या वेळी ६९२ पैकी ४४६ पडली, म्हणजे कमी किती पडली तर १६! आपल्या ग्रामपंचायतीला १६ मतांनी पडलेला माणूस पाच वर्षं सांगत फिरतो, इथे तर अख्ख्या देशाचं ठरत होतं. लोकांना भीती वाटली असणार, उद्या न्यूझीलंडने हात काढला तर? कारण तोकेलाऊची माणसं जास्त करून न्यूझीलंडमध्येच राहतात, सात हजारांच्या वर. बेटावर मागे उरले पंधराशे. शिकायला गेलेलं पोरगं परत येत नाही, आता हे मी जळगाव-धुळ्याच्या आईबापांना काय समजावून सांगू, सुरत नि पुण्याच्या गाड्या रोज भरून जातात.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं, पाऊण तास. तो ऐकत होता बिचारा. शेवटी विचारलं काय तर, मामा, नेट आहे का तिथे? आहे म्हटलं, आता समुद्राखालून केबल आलीये. म्हणे मग विचार करतो.

बरं, मला आता निघायला हवं. आज आमच्या गल्लीत नळाचा दिवस आहे, सहाव्या दिवशी येतो आणि पाऊण तासात जातो, घरून निघताना दोन्ही पिंपं रिकामी करून ठेवली आहेत आणि मोटर लावायला मीच लागतो. नमस्कार.