नेटवर्कच्या आधी ऑपरेटर

प्रतिमा पुनर्रचनेचा (अपुऱ्या मापांवरून चित्र परत बांधण्याचा) विषय निघाला की प्रश्न येतो, कोणतं न्यूरल नेटवर्क, यू-नेट घ्यायचं की ट्रान्सफॉर्मर? पण काम बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी बिघडलेलं असतं. एमआरआय यंत्र चित्र मोजत नाही, चित्राचे फूरिये गुणांक (चित्र लहरींमध्ये फोडल्यावर येणारे आकडे) मोजतं, आणि वेळ वाचवायला त्यातलेही थोडेच. चित्रापासून मापांपर्यंतची ही वाट कोडमध्ये लिहायची, तोच ऑपरेटर. पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या चौकटीवरची डीपइनव्हर्स लायब्ररी तो नेटवर्कपासून वेगळा ठेवते, म्हणून तो सुटा तपासता येतो.

तपासणी पाच ओळींची आहे. दोन रँडम अॅरे घ्या, एक चित्राच्या मापाचा, दुसरा मोजमापांच्या. पहिल्यावर ऑपरेटर चालवून दुसऱ्याशी डॉट प्रॉडक्ट काढा. मग दुसऱ्यावर अॅडजॉइंट (मापांकडून चित्राकडे नेणारा ऑपरेटरचा जोडीदार) चालवून पहिल्याशी. कॉम्प्लेक्स आकड्यांत कॉन्जुगेट (काल्पनिक भागाचं चिन्ह उलटणं) विसरू नका. ३२ बिट फ्लोटमध्ये दोन्ही उत्तरं साधारण पाच अंकांपर्यंत जुळायला हवीत.

नाही जुळली तर किती पटीने चुकली ते बघा. ३२० × ३२० च्या चित्रावर फरक नेमका १,०२,४०० पट आला, तर नॉर्मलायझेशन राहिलंय: पायटॉर्चचं एफएफटी (फूरिये गुणांक झटपट काढणारं फंक्शन) आपणहून ऑर्थो, म्हणजे लांबी न बदलणारं, नसतं. असा ऑपरेटर ठेवून चित्र फेरीफेरीने सुधारताना ऑटोग्रॅडने (पायटॉर्चच्या आपोआप डेरिव्हेटिव्ह काढणाऱ्या सोयीने) ग्रेडियंट काढला आणि स्टेप १ ठेवली, की आठ-दहा फेऱ्यांत आकडे फ्लोटच्या बाहेर. ऑर्थो केलंत की एका कॉइलसाठी (यंत्रातला सिग्नल पकडणारा अँटेना) तीच स्टेप बिनधास्त चालते. सीटीत मात्र अॅस्ट्रा या लायब्ररीच्या जीपीयू प्रोजेक्टरची जोडी (ऑपरेटर आणि त्याचा अॅडजॉइंट) मुळातच तंतोतंत जुळत नाही. तिथे थोडा फरक आला म्हणून स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसू नका.

आता डेटा. फास्टएमआरआय या खुल्या डेटासेटच्या पद्धतीत चौपट वेगासाठी के-स्पेसच्या (फूरिये गुणांकांच्या तक्त्याच्या) मधल्या ८ टक्के रेषा पूर्ण ठेवतात. ३६८ रेषांपैकी २९ मधल्या, एकूण सुमारे ९२. हा कच्चा के-स्पेस असतो. त्याऐवजी तयार जेपीईजीचं एफएफटी घेऊन मापं 'बनवली', तर चित्र रिअल, फेज (कॉम्प्लेक्स आकड्याचा कोन) गायब, के-स्पेस सममित. निम्मी माहिती फुकटात हाती येते, पीएसएनआर (मूळ चित्राशी जुळणी मोजणारा आकडा) छान दिसतो आणि खऱ्या स्कॅनवर सगळं कोसळतं. तसंच ट्रेनिंग आणि टेस्टची वाटणी रुग्णानुसार करा, स्लाइसनुसार नाही. शेजारच्या दोन स्लाइस जवळजवळ एकच चित्र असतात.

शेवटी आलेलं चित्र पुन्हा ऑपरेटरमधून काढा आणि मूळ मापांशी ताडा. फरक नॉइजपेक्षा ठळकपणे मोठा असेल, तर नेटवर्कने मापांशी विसंगत काहीतरी रंगवलंय. तो नॉइजइतका आला तरी निर्धास्त होऊ नका. न मोजलेल्या रेषांमध्ये नेटवर्कने काय भरलं, हे ही तपासणी सांगूच शकत नाही.