जूनपर्यंत अडलेलं बिल

श्रोतेहो, नमस्कार.

सरकारी खरेदी म्हटलं की आपल्याला आधी घोटाळाच आठवतो. बाजारात शंभराला मिळणारी वस्तू दोनशेला घेतली, मधले शंभर कुणाच्या तरी खिशात गेले. अशा बातम्या येतात आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्या निघतात. पण सरकार जास्त पैसे मोजतं आणि तरी कुणाच्याच खिशात काही पडत नाही, असंही होतं, आणि पुष्कळ होतं. ही दुसरी उधळपट्टी चौकशी समितीला सापडत नाही, कारण तिथे चोरच नसतो. ती सापडली ती सरकारांनी आपल्या खरेदीच्या नोंदी अर्थशास्त्रज्ञांपुढे मोकळ्या केल्या तेव्हा.

इटलीत कॉन्सिप नावाची एक सरकारी कंपनी आहे. ती सगळ्या कार्यालयांच्या वतीने नेहमीच्या वस्तूंचे दरकरार करते, म्हणजे पुरवठादाराशी भाव आधीच ठरवून ठेवते. एखाद्या वस्तूचा करार काही महिने चालू असतो, मग संपतो, नवा होईपर्यंत मध्ये खंड पडतो. त्या खंडात प्रत्येक कार्यालय आपली खरेदी आपणच करतं. ओरियाना बांदिएरा, आंद्रेआ प्रात आणि तोमासो व्हॅलेत्ती या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हा खंड पकडला. एरवी महाग घेणारी कार्यालयं करार उपलब्ध झाल्यावर काय करतात? ज्याला टक्का खायचा आहे, तो दरकरारापासून लांब राहील. ज्याला भाव ठाऊक नाही, किंवा कागदपत्रांच्या कटकटीत भाव करायला वेळच मिळत नाही, तो सुटकेचा श्वास टाकून करारावर घेईल. महाग घेणारी कार्यालयं कराराकडे वळली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा हिशेब असा की एकूण वाया गेलेल्या पैशांपैकी ८३ टक्के ढिलाईत आणि नियमांच्या गुंत्यात गेले, लाचखोरीत नव्हे. लाचखोरी क्षुल्लक आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. हा आकडा इटलीतल्या साध्यासुध्या वस्तूंचा आहे. पण मला तरी तो बराच वेळ अस्वस्थ करून गेला.

यापुढची गोष्ट आपल्या जवळची आहे. पाकिस्तानातला पंजाब प्रांत. कारभाराची घडण आपल्यासारखीच, इंग्रजांनी घालून दिलेली. शाळा, दवाखाना, कृषी कार्यालय, बांधकाम विभाग, प्रत्येक ठिकाणी एक आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे कार्यालयाचे सरकारी पैसे काढणारा आणि खर्च करणारा. पेन, छपाईचा कागद, टोनर, कुलूप, साबण, असलं सामान त्याने घ्यायचं. नियमाप्रमाणे दरपत्रकं मागवायची, माल घ्यायचा, आणि बिल महालेखापालांच्या जिल्हा कार्यालयाकडे पाठवायचं. तिथे बिल पास झालं तरच दुकानदाराला पैसे. आता त्या बिलाला कोणकोणते कागद जोडायचे, याची पक्की यादी अधिकाऱ्याच्या हाती नसे. एक कागद जोडला की दुसरा मागितला जाई. त्यांचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. आपल्याकडे जसा मार्च एंड तसा त्यांच्याकडे जून एंड. वर्षभर अडलेली बिलं जूनमध्ये एकदम निघायची.

प्रांताच्या सरकारने २०१४ साली या गोष्टीवर प्रयोग करू दिला. पुन्हा बांदिएरा आणि प्रात होते, त्यांच्यासोबत मायकेल बेस्ट आणि अदनान खान. अदनान खान यांनी स्वतः पाकिस्तानात सरकारी सेवेत काम केलेलं आहे, आणि अशा कामात ही गोष्ट फार उपयोगी पडते. फाइल कुठे थांबते हे पुस्तकात लिहिलेलं नसतं.

सुमारे ६०० खरेदी अधिकारी, २६ जिल्हे. त्यांचे चार गट पाडले, आणि कोण कुठल्या गटात हे दैवावर सोपवलं, चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं. एका गटाला बक्षिसाची योजना: वस्तूचा दर्जा राखून स्वस्तात घ्या, उत्तम काम करणाऱ्याला पगाराच्या पटीत बोनस. दुसऱ्या गटाला बक्षीस नाही, अधिकार. हाताशी रोख अग्रिम, म्हणजे दुकानदाराला लगेच पैसे देता येतील, आणि लेखा कार्यालयाला कोणते कागद मागता येतील याची ठरलेली यादी. यादीबाहेरचं काही मागायचं नाही. तिसऱ्या गटाला दोन्ही. चौथा गट तुलनेसाठी जसा होता तसाच.

विद्यापीठातल्या माणसांना हा अधिकार कुणी दिला असता? कुणीच नाही. लेखा कार्यालयाचा नियम बदलणं फक्त सरकारच्या हातात होतं. उलट सरकारने हेच सगळं एकट्याने केलं असतं, तर परिपत्रक काढून एका दिवसात सर्वांना लागू केलं असतं, आणि दोन वर्षांनी फरक पडला की नाही हे कुणालाच सांगता आलं नसतं. तो चौथा गट, ज्याला काहीच मिळालं नाही, तो ठेवायचं कुठल्या मंत्र्याच्या मनात येईल? अधिवेशनात प्रश्न येईल की अमुक जिल्ह्यावर अन्याय का?

भाव ताडून बघणं हेही सोपं नव्हतं. आपल्या कार्यालयांतल्या नोंदवहीत पाहा: ‘टोनर, नग ४०, एकूण रक्कम इतकी.’ कोणत्या कंपनीचा, मूळ की पुन्हा भरलेला, किती पानं छापणारा, काही नाही. अशा नोंदीवरून कोण महाग घेतो हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तिथे या अभ्यासासाठी प्रत्येक खरेदीचे गुणविशेष ऑनलाइन नोंदवून घेतले गेले. कागदाचं वजन, आकार, बनावट, नग किती, कुठून घेतला. तेव्हा कुठे एका तालुक्यातला कागद दुसऱ्या तालुक्यातल्या कागदाशी जुळवता आला.

निकाल काय लागला? ज्यांना फक्त अधिकार दिला, त्यांनी घेतलेल्या वस्तूंच्या किमती ९ टक्क्यांनी उतरल्या, दर्जा न घसरता. बक्षिसाचा मात्र सरासरीने फारसा परिणाम झाला नाही.

आता यातला खरा धागा लेखा कार्यालयात आहे. काही जिल्ह्यांत बिलं वेळेवर निघत, काही जिल्ह्यांत जूनपर्यंत लटकत. अधिकार दिल्याचा फायदा झाला तो मुख्यतः लटकवणाऱ्या जिल्ह्यांत. आणि बक्षिसाचा उपयोग झाला तो बिलं वेळेवर काढणाऱ्या जिल्ह्यांत. विचार केला तर हे उघडच आहे. पैसे आठ महिन्यांनी मिळणार हे ज्या दुकानदाराला माहीत आहे, तो आठ महिन्यांचं व्याज किमतीत धरणारच, आणि चांगला दुकानदार तर दारातूनच परत पाठवेल. अशा ठिकाणी अधिकाऱ्याला बोनसचं आमिष दाखवून काय होणार? भाव त्याच्या हातातच नाही. जिथे बिलाची अडचण नाही, तिथे त्याने चार दुकानं फिरून भाव पाडला तर फरक पडतो. तिथे बक्षीस लागू पडतं. २०२१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरकारचा पैसा वाचावा म्हणून नेमलेली तपासणीच काही ठिकाणी सरकारला खर्चात घालत होती, हे त्यातून आकड्यांनी दिसलं.

हे सगळं किरकोळ सामानाचं झालं. पूल, धरण, रस्ता यांना हा नियम जसाच्या तसा लावायचा नाही. मोठ्या कामांबद्दल आपल्याच देशातला एक अभ्यास आहे. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० च्या डिसेंबरात सुरू झाली आणि वेगवेगळ्या राज्यांनी ई-निविदा वेगवेगळ्या वर्षी आणली. रोहिणी पांडे, बेंजामिन ओल्केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फरकाचा उपयोग केला. ई-निविदेने रस्ते स्वस्त झाले असं काही दिसलं नाही, रस्ते चांगले झाले. कारण बाहेरच्या भागातला, बरं काम करणारा कंत्राटदार आत येऊ शकला. हे कळलं ते कशामुळे? या योजनेत बाहेरून आलेले राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षक रस्ता तपासून शेरा लिहितात, आणि ते शेरे साठवून ठेवलेले होते. नुसता दर पाहिला असता तर ई-निविदा फुकट गेली असंच म्हटलं गेलं असतं.

महाराष्ट्रात विद्यापीठं आणि सरकार यांचा खरेदीशी संबंध येतो तो बहुधा तपासणीपुरता. मुंबई महापालिकेने रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची गुणवत्ता पाहायला आयआयटी मुंबईला नेमलं. अभियांत्रिकी महाविद्यालयं त्रयस्थ तांत्रिक परीक्षण करतात. चांगलंच आहे. पण त्यात प्राध्यापक काँक्रीटचा नमुना तपासतो. निविदा तीनच का आल्या, किंवा बिल किती दिवसांनी निघालं, हे त्याला कुणी विचारत नाही. माझ्या मते त्याचा खरा उपयोग तिथे आहे.

आणि त्यासाठी प्रयोगच करायला हवा असं नाही. बिल कोषागारात गेलं की त्याला टोकन पडतं, त्याची तारीख असते. बिल पास झाल्याचीही तारीख असते. या दोन तारखांमधलं अंतर जिल्हावार काढणं हे अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला झेपणारं काम आहे. अडतं ते पुढे. तारखा कोषागारात, दर कार्यालयाच्या फाइलमध्ये, आणि वस्तूचं वर्णन, ते असलंच तर, भांडारपालाच्या नोंदवहीत. ही तिन्ही जोडून द्यायची तर वित्त विभागाला आदेश काढावा लागेल, आणि नोंदवहीत ‘टोनर, नग ४०’ यापुढे आणखी तीन-चार रकाने घालावे लागतील.

नमस्कार.