कानबाई गेल्यानंतरचे गाव

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, खानदेशात कानबाई देवी घरोघर बसते आणि वर्षभर कुलूप असलेली घरे उघडतात. सुरत, उधना, नाशिक, पुणे इथे कामाला गेलेले भाऊबंद तिच्या प्रसादाच्या रोटांसाठी गावी येतात. सोमवारी विसर्जन होते आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरच्या स्थानकांवरून सुरतेकडच्या गाड्या पुन्हा भरून निघतात. मागे राहतात ती बहुतेक साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीपुढच्या लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते, देशाच्या ८.६ टक्क्यांपेक्षा अधिक.

ज्याने जन्मभर कोरडवाहू कापूस पिकवला, किंवा जिने दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली, त्यांना निवृत्तीची तारीख नसते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. त्यामुळे नजर मंदावली आणि कंबर वाकली की तेवढ्याच दिवसाचे पैसे कमी होतात, आणि औषधांचा खर्च नेमका त्याच वयात वाढतो.

राज्य सरकारच्या श्रावणबाळ निवृत्तिवेतन योजनेतून पासष्टीनंतर दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे, म्हणजे सगळ्या घराला महिन्याला १,७५० रुपये. इतक्या पैशांत आज कोणते घर चालते? आणि मंजुरी मिळाली तरी वाट सोपी नसते. खुरपे, विळा आणि बोंडांच्या टोकांनी झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. स्वतःचेच पैसे काढायला आलेल्या आजीला हात धुऊन, पुसून, पुन्हा पुन्हा अंगठा टेकवावा लागतो, आणि तरीही कधी रिकाम्या हाताने परतावे लागते. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, हा मोठा आधार आहे. पण फाट्यापर्यंतची पायपीट उरतेच.

आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७चा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मात्र ‘आंडोर सुरतले ऱ्हास’ (मुलगा सुरतेला राहतो) असे अहिराणीत अभिमानाने सांगणारी माय त्याच्याविरुद्ध अर्ज करायला धजत नाही, कारण तो स्वतः भाड्याच्या एका खोलीत चौघांचा संसार ओढतो आहे, हे तिला ठाऊक असते. दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे आम्हालाही अन्यायाचे वाटते.

टपाल खात्याचा पोस्टमन आता यंत्र घेऊन घरपोच पैसे देऊ शकतो. ही सोय प्रत्येक पाड्यावर आणि वस्तीवर दर महिन्याला ठरलेल्या वारी पोहोचायला हवी, आणि ठसा न जुळल्यास चेहऱ्यावरून ओळख पटवून त्याच ओट्यावर पैसे हाती पडायला हवेत.