चौकट पडेल तिथे

(दृश्य : रत्नागिरीजवळचं खडप, म्हणजे भरतीत बुडणारा किनाऱ्यावरचा कातळ. पौर्णिमेची दुपार उतरतेय.)

निवेदन :
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून साधारण सहा तासांनी, सव्वापाचच्या सुमारास, सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरती-ओहोटीचं कोष्टक पाहायचंच. कातळावर कुठे किती जीव आहेत, ते चौकट ठेवून मोजायला मुलं पावणेचारलाच खडपावर आली आहेत. पाणी उतरेल तसं त्याच्या मागे खाली सरकायचं.

(दृश्य : चौकट, जवळून.)

अर्धा इंची पीव्हीसी नळी, चार एल्बो, नायलॉनची दोरी. आतलं माप 50 बाय 50 सेंटिमीटर. एल्बो बसले की माप बदलतं, म्हणून आधी नुसतं जोडून मोजायचं, मग चिकटवायचं. दर 10 सेंटिमीटरला आडवी-उभी दोरी ओढली की 25 घरं पडतात. एक घर म्हणजे चौकटीतल्या जागेचे 4 टक्के. नळीला चार-पाच भोकं हवीतच. नाहीतर डबक्यात चौकट तरंगते आणि मोजता मोजता सरकते.

(दृश्य : कातळावर पसरलेला टेप.)

वरून पाण्याकडे 30 मीटरचा टेप, दर 3 मीटरला एक चौकट. टेपपासून किती दूर ठेवायची, ते न बघता उचललेल्या चिठ्ठीवरचा आकडा सांगतो. बहुतेक प्रकल्प इथेच बिघडतात. डोळ्यावर सोडलं की हात आपोआप शेवाळाकडे, खेकड्यांच्या फटीकडे जातो आणि खडप आहे त्याहून श्रीमंत दिसायला लागतं. चौकट उघड्या कातळावर पडली तर वहीत शून्य लिहायचं. ते शून्यही मोजमापच आहे.

(दृश्य : कालवं. कॅमेरा अगदी जवळ.)

ही पांढरी वाटी नीट पाहा. कालव फोडून नेलं की वरचं शिंपलं जातं, खालचं कातळालाच चिकटून राहतं. लांबून दोन्ही सारखीच दिसतात, आणि घाईत रिकामी वाटी जिवंतात धरली जाते. म्हणून वहीत दोन रकाने : जिवंत आणि रिकामी. गावातल्या बायका कालवं कुठे काढतात, हेही दुसऱ्या रकान्यावरून कळायला लागतं.

दगड उलटला तर पाहून झालं की होता तसाच पालथा ठेवायचा. खालच्या बाजूचे जीव उन्हात तग धरत नाहीत. सुकतीच्या अगदी खालच्या पट्ट्यात झोअँथिड दिसतात, म्हणजे कातळाला चिकटलेले मऊ, बटणांसारखे प्राणी. त्यांना उघड्या हाताने शिवायचं नाही, काहींमध्ये जहाल विष असतं. प्रवाळाचा तुकडाही उचलायचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

(दृश्य : फटींतून पाणी परत येतंय.)

पाणी वळलं. अकरावी चौकट अर्धीच झाली. वहीत पेन्सिलीने नोंद : ‘12 घरं मोजली, पाणी आलं.’ उरलेली घरं अंदाजाने भरायची नाहीत. उद्याची सुकती पन्नासेक मिनिटं उशिरा. टेपचं वरचं टोक कुठे होतं, त्याचा फोटो काढून मुलं वर निघतात.